आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन : १९७५ च्या एका येझदीचं प्रकरण

प्रकरणासाठी घेतलेली गाडी अशी : येझदी २५० मोटारसायकल, ‘बी’ टाइप, पहिली नोंदणी १९७५. शाहूवाडी तालुक्यातल्या एका घराच्या पडवीत एकोणीस पावसाळे उभी. मूळ मालक हयात नाहीत, गाडी मुलाच्या ताब्यात आहे. इंजिन जाम, दोन्ही टायर जमिनीला टेकलेले, टाकीत तळाला डांबरासारखं झालेलं पेट्रोल. घेणारा कोल्हापूर शहरातला, आणि जुनी गाडी घ्यायची ही त्याची पहिलीच वेळ.

पहिल्या गाडीसाठी येझदी ही निवड चांगली. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याखाली जावा बनवली, १९७३ पासून त्याच गाड्यांवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. या गाडीचं इंजिन साधं आहे : टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर, बोअर ६५ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी, पुढून दोन सायलेन्सर. व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. पिस्टन, रिंगा, सील, क्लच प्लेटा आजही मिळतात आणि या इंजिनावर हात बसलेले मिस्त्री महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आहेत. तरीही पहिल्यांदा घेणाऱ्याची नजर चुकीच्या जागी जाते. तो आधी किक मारून बघतो, इंजिन फिरत नाही म्हटल्यावर भाव पाडतो आणि सौदा जिंकल्यासारखा खूश होतो. जाम इंजिन ही या गाडीतली सगळ्यात स्वस्त अडचण असते. कागद नसले तर ते पैशांनी उभे राहत नाहीत, आणि पत्रा कुजला असेल तर तसा पत्रा सहज मिळत नाही.

कागद

आरसी बुक वडिलांच्या नावावर, नंबर जुन्या पद्धतीचा, म्हणजे १९८९ मध्ये एमएच मालिका येण्याआधीचा, ‘एम’ने सुरू होणारा तीन अक्षरी. नोंदणीची मुदत २००५ मध्ये संपलेली. इथे तीन कामं एकमेकांत अडकलेली आहेत आणि त्यांचा क्रम चुकला तर काम महिनोन्‌महिने रखडतं.

पहिलं काम चेसिस नंबर वाचण्याचं. फ्रेमच्या मानेवर कुणीतरी नंतर रंगाचा जाड हात दिला होता आणि अंक बुजले होते. अशा वेळी थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दहा मिनिटं त्या जागी धरून ठेवायचं आणि नायलॉनच्या ब्रशने रंग उचलायचा. तिथे ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा एमरी लावायची नाही. घासलेला नंबर तपासणीत ‘छेडछाड’ ठरू शकतो, आणि तो आरोप खोडून काढणं फार अवघड जातं. नंबर दिसला की त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यायची आणि आरसीवरच्या आकड्यांशी एकेक अंक ताडून पाहायचा. इंजिनचा नंबरही असाच बघायचा. या गाडीत दोन्ही जुळले. इंजिन बदललेलं असतं तर आधी त्या बदलाची नोंद करून घ्यावी लागली असती, आणि त्या इंजिनाच्या मालकीचा पुरावा नसता तर इथेच हात जोडून परत फिरणं शहाणपणाचं होतं.

दुसरं काम, आरटीओच्या संगणकात गाडी आहे का हे बघणं. इतक्या जुन्या नोंदी बऱ्याचदा फक्त कार्यालयाच्या हाताने लिहिलेल्या रजिस्टरात असतात. त्या ‘वाहन’ प्रणालीत चढवून घ्याव्या लागतात. लोक याला बॅकलॉग एन्ट्री म्हणतात. ती झाल्याशिवाय पुढचा एकही अर्ज ऑनलाइन भरता येत नाही. म्हणून इसार देण्याआधी नोंदणीच्या मूळ कार्यालयात आरसीची प्रत घेऊन जायचं, नोंद सापडते का, कर्जाचा बोजा आहे का, थकीत किती आहे हे विचारायचं. उशिराचा दंड महिन्यांवर वाढत जातो आणि महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पर्यावरण करही असतो. त्यामुळे ही रक्कम सौद्याच्या किमतीतच धरायला हवी.

तिसरं काम मालकीचं. मालक वारल्यावर गाडी थेट तिसऱ्याच्या नावावर जात नाही. आधी नमुना ३१ भरून, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती जोडून ती मुलाच्या नावावर होते. मग नमुना २९ आणि ३० भरून घेणाऱ्याच्या नावावर. मुलाला दोन बहिणी असतील तर त्यांच्या सह्याही लागतात, आणि त्या सह्या घेण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, हे साठेखतात लिहून घ्यायचं. निम्मे पैसे नाव लागल्यावर, ही अट ठेवायला संकोच करू नये.

या गाडीपुढे आणखी एक वाट होती. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीसाठी शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदवलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. ऐकायला मानाचं वाटतं, पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. रविवारी सकाळी पन्हाळ्यावर जाऊन यायचं असेल तर साधं नूतनीकरणच बरं, आणि इथे तेच निवडलं.

पत्रा

शाहूवाडीच्या पावसात उभी राहिलेली गाडी खालून कुजते. वरून चकाकणारी टाकी बघून फसू नये. गुडघ्यावर बसून खालचा भाग बघायचा. या गाडीची मागची चेन पूर्ण बंद पेटीत असते. त्या चेनकेसच्या खालच्या अर्ध्या भागात चिखल साचून पत्रा जाळीदार झाला होता. दोन्ही सायलेन्सर पाइपाच्या जोडाजवळ सडलेले. मागच्या मडगार्डला आतून बोटभर भोक. बाकी मडगार्डचा आकार, टूलबॉक्सची दोन्ही झाकणं, हेडलाइटचं घर, हँडल आणि टाकीवरची क्रोमची बाजू, सगळं मूळचं आणि जागेवर.

ही यादी भावापेक्षा महत्त्वाची आहे. बाजारात मिळणारा नवा पत्रा पातळ असतो आणि त्याची भोकं जागेवर येत नाहीत. मडगार्डचा कडेचा वळ चपटा असतो, आणि नजर तयार झालेल्या माणसाला तो दहा फुटांवरून खटकतो. म्हणून सडलेला मूळ पत्रा फेकायचा नाही. चेनकेसचा वरचा भाग ठेवून खालचा दोन इंच पट्टा १ मिमी पत्र्याचा नवा कापून गॅस वेल्डिंगने जोडला. जोडणी सलग न करता दर इंचाला टाका, मग मधल्या जागा भरायच्या, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. सायलेन्सर मात्र नवे घ्यावे लागले. पुण्याच्या नाना पेठेत आणि रविवार-बुधवारच्या जुन्या बाजारात शोधलं तर कधी जुना जाड माल हाती लागतो, पण तिथे भाग मापायला व्हर्निअर आणि मूळ भागाचा फोटो सोबत हवा.

टाकी साधारण १३ लिटरची. तिच्यात दोन मुठी बारीक नट घालून, पाणी टाकून हलवली तर सुटी पापडी निघते. मग सायट्रिक ॲसिड, लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरून चोवीस तास. अर्धवट भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो. रिकामी केल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायची, लगेच गरम हवेने वाळवायची आणि पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून आतून फिरवायची. आतून इपॉक्सीचा थर देण्याचा सल्ला सगळे देतात. भोकं नसतील तर देऊ नये. आजच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, आणि नीट न बसलेला थर त्याने फुगून सुटतो, त्याचे पापुद्रे थेट कॉकच्या जाळीत येतात.

जाम इंजिन

या गाडीत गिअरचा पाय आणि किक एकच. तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किक होते. जाम इंजिनाच्या किकवर उडी मारली तर आतला दात तुटतो आणि मग केस उघडण्याशिवाय इलाज नाही. म्हणून प्लग काढून डिझेल आणि टू-टी ऑइल निम्मं निम्मं, एकूण ५० मिली, सिलिंडरमध्ये सोडायचं आणि तीन दिवस थांबायचं. मग चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवत राहायचं. चौथ्या दिवशी बोटभर हालचाल झाली, सहाव्या दिवशी पूर्ण फेरा.

फिरलं म्हणून चालू करायचं नाही. एकोणीस वर्षं उभ्या इंजिनात क्रँकचे, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याचे, सील दगडासारखे होतात, आणि टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे त्या दांड्याची पेटी, हवाबंद असल्याशिवाय इंजिन नीट चालत नाही. इंजिन पूर्ण उघडलं.

सिलिंडर कास्ट आयर्नचा, रिंगा जिथे चिकटल्या होत्या तिथे गंजाचे खड्डे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, दिला. आधीचा पिस्टन मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी मोठा होता, खड्डे जाईपर्यंत ०.७५ च्या मापावर यावं लागलं. बोअर करायच्या आधी पिस्टन विकत घेऊन तोच लेथवाल्याच्या हाती द्यायचा. डब्यावरचा आकडा वाचून बोअर केलं तर दोन पिस्टनांमधला फरक अंगावर येतो. स्कर्टजवळ, म्हणजे पिस्टनच्या खालच्या घेराशी, ०.०७ मिमी फट ठेवायला सांगितली. त्याहून घट्ट बसवण्याचा आग्रह बरेच जण धरतात, ‘टाइट बसवलं की जास्त चालतं’ म्हणून. आजचे बाजारातले कास्ट पिस्टन तापल्यावर जास्त पसरतात आणि ती घट्ट फट पहिल्याच घाटात धरते. रिंगांच्या टोकांतली फट ०.२५ ते ०.३ मिमी. बोअर झाल्यावर प्रत्येक पोर्टची, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाची, कड बारीक गोल करून घ्यायची. ही कड धारदार राहिली तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. बरेच लेथवाले न सांगता हे करत नाहीत, म्हणून उभं राहून करून घ्यायचं. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, म्हणजे पुढे.

क्रँक दाबून जोडलेला असतो. रॉड वर-खाली ओढून पाहिला. जरासुद्धा टकटक जाणवली तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलं. बाजूला थोडा हलतो, ते ठीक. इथे टकटक होती. नवा रॉड किट प्रेसवर बसवून दोन सेंटरमध्ये धरून डायल गेज लावला आणि दोन्ही टोकांची थरथर ०.०३ मिमीच्या आत येईपर्यंत तांब्याच्या हातोडीने सरळ केला. बेअरिंग सी-३, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, फटीची. क्लचच्या प्लेटा कॉर्कच्या, कोरड्या पडून तडकलेल्या, बदलल्या. गिअरबॉक्स आणि प्रायमरीला (इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या पेटीला) मिळून सुमारे १ लिटर ऑइल.

विजेचं काम थोडक्यात. सहा व्होल्ट, ४५ वॉटचा डायनॅमो क्रँकच्या उजव्या टोकावर असतो आणि प्लगची ठिणगीही त्याच विजेवर. कॉम्युटेटर स्वच्छ, कार्बन नवे, वायरिंग पूर्ण नवी. लांब काळ उभ्या डायनॅमोचं उरलेलं चुंबकत्व जातं. बॅटरीचं टोक क्षणभर फील्डला, म्हणजे डायनॅमोच्या चुंबक तयार करणाऱ्या वेटोळ्याला, लावून ते परत आणावं लागतं, पण आधी जुन्या वायरिंगवरून बॉडीला बॅटरीचं कोणतं टोक होतं ते नोंदवून ठेवायचं. पॉइंटची फट ०.४ मिमी, प्लगची ०.६. बारा व्होल्टचा सीडीआय संच, म्हणजे पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी, घालावा का, यावर वाद चालूच असतो. डायनॅमो जिवंत असेल तर तो काढू नये. ४५ वॉटमध्ये जास्त वॉटचा हॅलोजन दिवा मात्र मागू नये.

रंगाआधी रस्ता

घेणाऱ्याला रंगाची घाई होती. ती थोपवली. इंजिन सुरू झाल्यावर गाडी टेम्पोतून तपासणीला नेली, कारण मुदत संपलेली गाडी चालवत नेणं बेकायदा आहे. नूतनीकरण झालं, पीयूसी निघालं. मार्च २००० पर्यंतच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९००० पीपीएम आहे. नीट बांधलेलं इंजिन पाच-सहा किलोमीटर चालून गरम झालं की त्यात बसतं.

रनिंग-इनसाठी, म्हणजे नवं बांधलेलं इंजिन बसेपर्यंत, लिटरमागे ५० मिली टू-टी ऑइल, पुढे ४० मिली. पहिले पाचशे किलोमीटर ताशी ४५ च्या आत, पण एकाच वेगात नाही. वेग सतत वर-खाली ठेवायचा. घाट उतरताना एक गोष्ट लक्षात ठेवायची : तेल पेट्रोलबरोबरच येतं. ॲक्सिलरेटर पूर्ण बंद करून गिअरमध्ये लांब उतार उतरला की इंजिन वेगात फिरतं आणि तेल मात्र मिळत नाही. दर थोड्या अंतरावर ॲक्सिलरेटर चिमूटभर उघडून बंद करायचा.

१८० किलोमीटरवर गाडी जाम झाली. रस्ता सपाट, वेग ४५. आधी ताकद कमी झाली, मग किंचाळल्यासारखा आवाज आणि मागचं चाक आवळलं. क्लच दाबला म्हणून पडणं टळलं. दहा मिनिटांत थंड होऊन इंजिन पुन्हा फिरू लागलं.

अशा वेळी दोष सरळ बोअरिंगवाल्यावर जातो. ‘फट कमी ठेवली’ म्हणून भांडण सुरू होतं. हेड आणि सिलिंडर काढून पिस्टन वाचला तर भांडण वाचतं. फट कमी असेल तर ओरखडे पिस्टनच्या चारही कोपऱ्यांवर सारखे उमटतात. इथे ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला होते, पुढच्या बाजूवर, आणि प्लगचं टोक पांढरंफट्ट. म्हणजे उष्णता, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. शिवाय आदल्या आठवड्यात ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिनचा आवाज लगेच खाली येत नव्हता, जरा वेळ वर लटकत होता. ती खूण तेव्हाच वाचायला हवी होती.

जास्तीची हवा येण्याच्या जागा मोजक्या. जिकोव्ह कार्बोरेटरचा फ्लँज वाकलेला असू शकतो. काचेवर ४०० नंबरचा एमरी ठेवून घासून बघितला, सपाट होता. मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं मुख्य बारीक भोक, स्वच्छ. उरला क्रँककेस. त्याची तपासणी दाबाने करायची. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबरी बुचांनी बंद, कार्बोरेटरच्या जागी रबर आणि पट्टी, प्लगच्या भोकात जुन्या प्लगची कडी वापरून सायकलचा व्हॉल्व्ह बसवलेला. पिस्टन तळाला आणायचा, म्हणजे क्रँककेस आणि सिलिंडर जोडणारे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून दाब क्रँककेसमध्ये पोचतो. हातपंपाने ०.४ बार, म्हणजे ६ पीएसआय, आणि त्याहून जास्त नाही. जास्त दिला तर चांगला सीलही जागेवरून सुटतो. पाच मिनिटं काटा हलता कामा नये. इथे चाळीस सेकंदांत शून्यावर आला.

साबणाचं पाणी केसच्या जोडावर, सिलिंडरच्या बुडाशी लावलं, बुडबुडा नाही. डावा सील गळत असता तर हवा गिअरबॉक्सच्या ऑइल भरायच्या भोकातून आली असती, आणि चालताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊन गिअर ऑइल कमी झालं असतं. यापैकी काही नव्हतं. पुलरने डायनॅमोचा रोटर काढला आणि त्यामागे उजव्या सीलच्या ओठावर फेस उसळत होता.

सील नवाच होता. खोट शाफ्टमध्ये होती. जुन्या सीलच्या ओठाने पंचवीस-तीस वर्षांत शाफ्टवर खाच पाडली होती. डोळ्याला ती चकचकीत रेघ दिसते, पण नख फिरवलं की अडकतं. नव्या सीलचा ओठ नेमका त्याच खाचेत बसला. क्रँक प्रेसवर असताना नख फिरवलं असतं तर हे तिथेच कळलं असतं. उपाय साधा : सील पूर्ण आत न दाबता १ मिमी बाहेर ठेवला, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर आला. तेवढी जागा नसती तर शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवावी लागली असती. बसवताना चावीच्या खाचेवर पातळ पॉलिथिन गुंडाळलं, ओठाला ग्रीस लावलं. धारदार खाचेवरून कोरडा सील सरकवला तर ओठ तिथेच चिरतो. पुन्हा दाब दिला, काटा पाच मिनिटं जागचा हलला नाही.

बोअरवर ॲल्युमिनिअम चिकटलं होतं. कापसाच्या बोळ्याने हायड्रोक्लोरिक ॲसिड फक्त त्या डागांवर, हातमोजे घालून, उघड्यावर. ॲल्युमिनिअम फसफसून निघतं. लगेच पाण्याने धुऊन तेल लावायचं. मग हलकं होनिंग, म्हणजे बोअरला आतून बारीक घासणी, आणि त्याच मापाचा नवा पिस्टन. मेन जेट एक माप मोठा केला, कारण इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं. पुढच्या शंभर किलोमीटरला प्लग बदामी निघाला.

इंजिन दुसऱ्यांदा उतरवताना फ्रेमला पाना लागला, टाकीला ओरखडा गेला, आणि कुणाला वाईट वाटलं नाही. रंग अजून व्हायचा होता.

तो झाला ६०० किलोमीटरनंतर. आरसीवर रंग मरून. त्याची खरी छटा टाकीच्या पोटाशी, ऊन न लागलेल्या जागी, अजून शिल्लक होती. ती मिस्त्रीला दाखवून रंग जुळवला. फ्रेम सँडब्लास्टिंगला देण्याआधी चेसिस नंबरावर जाड रबर चिकटवून वर दोन थर टेप लावला, आणि पावडर कोटिंगऐवजी पातळ पीयू रंग निवडला, कारण पावडरच्या जाड थराखाली अंक पुन्हा बुजले असते. टाकीवरच्या रेषा स्टिकरच्या नाहीत. साइनबोर्ड रंगवणाऱ्या एका म्हाताऱ्या पेंटरने लांब केसांच्या ब्रशने, हात टाकीला टेकवून, एका दमात ओढल्या.